रांगेत घड्याळ घेऊन उभे राहा : व्यवस्थापन संशोधनाच्या मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील व्यवस्थापन संस्थांमधील पीएच.डी. मार्गदर्शक आणि संशोधन मान्यता समित्यांचे सदस्य

विषय : सेवाक्षेत्रावरच्या प्रबंधांत प्रत्यक्ष मोजणीला जागा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

३८४ हा आकडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. विषय बँकेच्या शाखांचा असो, रुग्णालयांचा असो की ॲपवरच्या टॅक्सींचा, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात नमुन्याचा आकार ३८४ असतो. तो कुठून येतो हेही ठाऊक आहे. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ चा वर्ग घ्यायचा, त्याला ०.२५ ने गुणायचे, ०.०५ च्या वर्गाने भागायचे, ३८४.१६ येतात. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातही लोकसंख्या कितीही वाढवली तरी गाडी याच स्टेशनात येऊन थांबते. सूत्र बरोबर आहे. पण ते यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. म्हणजे ज्यांच्यातून माणसे निवडायची त्यांची यादी हातात हवी आणि निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी व्हायला हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून 'प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतील' म्हटल्यावर जी ३८४ उत्तरे गोळा होतात, त्यांचा या सूत्राशी काडीचा संबंध नसतो.

पुढचे पाठ आहेच. सर्व्हक्वाल या सेवेचा दर्जा मोजणाऱ्या प्रश्नावलीची २२ विधाने, लायकर्ट श्रेणी (सहमती-असहमतीचे अंक), एसपीएसएस हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर, क्रॉनबाक अल्फा (विधाने एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७ च्या वर, आणि गृहीतक : 'प्रतीक्षाकाळाचा रुग्णाच्या समाधानावर लक्षणीय परिणाम होतो.' ते सिद्ध होते. केसपेपरच्या रांगेतल्या कोणत्याही मावशींनी हे तीन वर्षे आधी आणि फुकट सांगितले असते.

सर्व्हक्वालवर आमचा राग नाही. परशुरामन, झाइटहॅमल आणि बेरी यांनी ते १९८८ मध्ये मांडले तेव्हा त्यांच्यासमोर बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती सेवा असे अमेरिकी व्यवसाय होते. सेवा आवडली नाही तर ग्राहक दुसरीकडे जाईल, हे तिथे गृहीतच होते. अपेक्षा आणि अनुभव यांतल्या फरकाला दर्जा म्हणावे का, यावर क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्येच बोट ठेवले. सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत हा घोटाळा आणखी मोठा होतो. ज्याला दुसरीकडे जाणे परवडत नाही त्याने अपेक्षा कधीच खाली आणलेली असते. अपेक्षा दोन, अनुभव दोन, फरक शून्य. प्रबंधात लिहिले जाते, 'सेवेचा दर्जा अपेक्षेनुरूप आहे.' शिवाय फॉर्म भरून घेतात तो औषध घेऊन बाहेर पडणाऱ्याकडून. अकरा वाजता कंटाळून, हजेरी बुडेल म्हणून निघून गेलेल्याला कोणीच विचारत नाही.

आमची मागणी छोटी आहे. सेवाक्षेत्रावरच्या प्रबंधात किमान दहा कामाच्या दिवसांची, जागेवर उभे राहून केलेली वेळेची मोजणी असावी. आणि एखाद्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) गृहीतक नसेल, 'या ठिकाणी नेमके काय घडते ते मोजायचे आहे' एवढेच लिहिले असेल, तर समितीने ते त्या कारणासाठी परत पाठवू नये.

मोजणी म्हणजे कारकुनी, असा एक समज आहे. ज्या शास्त्राच्या नावाने आपण पदव्या देतो ते मात्र अशाच प्रश्नांतून उभे राहिले. रांगांच्या गणिताचा पाया घालणारा अर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता; येणाऱ्या कॉलना किती लाइन पुरतील, हे त्याच्यासमोरचे रोजचे काम होते, आणि १९०९ चा त्याचा लेख त्यातूनच आला. नॉर्मन बेलीने १९५२ मध्ये ब्रिटिश रुग्णालयांतल्या बाह्यरुग्ण विभागांच्या रांगांवर लिहिले. त्याचा निष्कर्ष एका वाक्यात मावतो : सुरुवातीला दोन पेशंट एकदम बोलवा आणि मग सरासरी तपासणीला लागतो तितक्या अंतराने एकेक. सत्तर वर्षांनंतरही अपॉइंटमेंटच्या संशोधनात नव्या पद्धतीची तुलना या साध्या नियमाशी होते.

आता मोजणी कशी करायची ते. उदाहरणाला उपनगरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाची मेडिसिन ओपीडी घेऊ. पेशंटची वाट अशी : केसपेपरची खिडकी, ओपीडीचे दार, डॉक्टरांचे टेबल, रक्त किंवा एक्स-रे, रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टर, शेवटी औषधाची खिडकी. यासाठी सहा निरीक्षक लागतात : एक बाहेरच्या रांगेत, एकेक खिडकीवर आणि दारावर, एक टेबलाशी, एक तपासणीच्या खोलीबाहेर. प्रत्येक पेशंटला जाड कागदाची, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चिठ्ठी द्यायची. तिच्यावर फक्त अनुक्रमांक. नाव, वय, आजार काही नाही. केसपेपर मिळाला की चिठ्ठी त्याला स्टेपल करायची. प्रत्येक टप्प्यावर वेळ चिठ्ठीवर आणि निरीक्षकाच्या वहीत, अशी दोन्हीकडे लिहायची आणि औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी काढून घ्यायची. रोज वेगळा रंग वापरावा, कारण काही लोक चिठ्ठीसकट घरी जातात आणि परवा त्याच केसपेपरवर परत येतात.

सगळ्यांनी मोबाइलची नेटवर्कवरची वेळ वापरावी. मनगटी घड्याळे दोन-तीन मिनिटे इकडेतिकडे असतात, आणि जिथे तपासणीच तीन मिनिटांची असते तिथे तेवढ्याने गणित बुडते. दारावर मिनिटापर्यंत नोंद पुरे. टेबलाशी सेकंद हवेत. तिसऱ्या दिवसापासून निरीक्षक थकतो आणि त्याच्या वहीत १०.०५, १०.१०, १०.१५ अशाच वेळा दिसू लागतात. रोज संध्याकाळी मिनिटांचा शेवटचा अंक मोजावा. शून्य आणि पाच मिळून पाचांतला एकच भाग असायला हवा. निम्मे निघाले तर त्या वहीवर विसंबू नये.

खरी अडचण पेशंट कधी आला हे ठरवण्यात आहे. खिडकी आठला उघडते, माणसे सहापासून येऊ लागतात. कॉम्प्युटर जी वेळ नोंदवतो ती केसपेपर छापल्याची. तोपर्यंत माणूस दोन तास उभा असू शकतो. म्हणून चिठ्ठी रांगेत फिरून द्यावी लागते. त्यातही पिशवी, पाण्याची बाटली, कधी एक चप्पल ठेवून नंबर लावलेला असतो. काही ठिकाणी मुलगा रांगेत असतो आणि आई जिन्यावर बसलेली. चिठ्ठी माणसाला, वस्तूला नाही, असा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा, आणि नातेवाईक उभा असेल तर शेऱ्यात तसे नोंदवावे.

रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमधली 'आयती' माहिती मागून घेणारे विद्यार्थी औषधाच्या खिडकीवर फसतात. गर्दीत फार्मासिस्ट हाताने औषधे देतो आणि रांग ओसरली की नोंदी एकगठ्ठा करतो. साडेअकरा ते साडेबारा एकही नोंद नाही आणि पावणेएकला दहा मिनिटांत पन्नास, असे दिसले की त्या रकान्यातल्या वेळा निरुपयोगी समजाव्यात. त्यात फार्मासिस्टची चूक नाही. ती यंत्रणा साठ्याचा हिशेब ठेवण्यासाठी आहे, रांग मोजण्यासाठी नाही.

टेबलाशी तर आणखी गुंता. एका टेबलाभोवती दोन-तीन निवासी डॉक्टर, चार पेशंट. एकाचा बीपी घेताना दुसऱ्याचा रिपोर्ट वाचला जातो. इथे 'एका पेशंटला लागलेला वेळ' शोधत बसू नये. रांग भरलेली असताना लागोपाठ उठून जाणाऱ्या दोन पेशंटांमधले अंतर मोजावे. टेबलाची खरी क्षमता त्यातून कळते. रांग रिकामी असतानाची अंतरे त्यात मिसळली तर टेबल आहे त्यापेक्षा संथ दिसते.

चिठ्ठ्या किती गहाळ झाल्या याची परीक्षाही हाताशी आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम : सरासरी हजर माणसे बरोबर येण्याचा वेग गुणिले सरासरी मुक्काम. तासाला ६० पेशंट येत असतील आणि चिठ्ठ्यांवरून सरासरी मुक्काम दोन तासांचा निघत असेल, तर आवारात सरासरी १२० पेशंट असले पाहिजेत. दर पंधरा मिनिटांनी हातात केसपेपर किंवा चिठ्ठी असलेली डोकी मोजावीत. मोजणीत १५० आले तर फार वेळ थांबलेल्यांच्या चिठ्ठ्याच हाती आलेल्या नाहीत, असा दाट संशय घ्यावा. ओपीडी रिकामी सुरू होते आणि रिकामी संपते, त्यामुळे पूर्ण दिवसाला हा नियम तंतोतंत लागू पडतो. पहिल्या दोन दिवसांची माहिती मात्र सरळ बाजूला ठेवावी. कोणीतरी वही घेऊन उभे आहे म्हटल्यावर सगळेच वेळेवर येतात.

विश्लेषणात सर्वांत जास्त चुका इथे होतात. पाठ्यपुस्तकातले एम/एम/१ (एक रांग, एक सेवा देणारा, येणे आणि तपासणी दोन्ही यादृच्छिक, असे रांगेचे सूत्र) उचलायचे, तपासणी तीन मिनिटांची आणि पेशंट दर ३.२ मिनिटांनी, म्हणजे डॉक्टर सुमारे ९४ टक्के गुंतलेले, सरासरी प्रतीक्षा ४५ मिनिटे. भार ८० टक्क्यांवर आणला की तीच प्रतीक्षा १२ मिनिटांवर येते. क्षमतेच्या काठावर रांग कशी फुगते हे शिकवायला हे गणित उत्तम आहे. पण ते दिवसरात्र एकाच वेगाने चालणाऱ्या ठिकाणाचे आहे. ओपीडी चार तासांची आणि दार उघडतानाच माणसांचा थवा उभा. तिथे ती स्थिर अवस्था येतच नाही. भार शंभर टक्क्यांच्या वर गेला की सूत्रातून ऋण मिनिटे निघतात, आणि विद्यार्थी घाबरून ते पान गाळतो.

ओपीडीला आलेखाचा एक कागद पुरतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर त्या वेळेपर्यंत आलेल्यांची एकूण संख्या. त्याच कागदावर तपासून झालेल्यांची दुसरी रेघ. दोन रेघांमधले उभे अंतर म्हणजे रांग, आडवे अंतर म्हणजे त्या क्रमांकाच्या पेशंटची प्रतीक्षा, मधले क्षेत्रफळ म्हणजे सगळ्यांनी मिळून घालवलेले तास. उदाहरणासाठी असे धरू : नऊ वाजता ६० जण उभे आहेत, पुढे तासाला २० येतात, डॉक्टर मिळून तासाला ४० तपासतात. रांग तासाला २० ने घटते आणि बाराला संपते. नऊनंतरची एकूण प्रतीक्षा ९० माणूसतास. आता तपासणी नऊऐवजी साडेनऊला सुरू झाली, बाकी सगळे तेच. साडेनऊला रांग ७० ची; ती संपायला साडेतीन तास, म्हणजे एक वाजतो. अर्ध्या तासाच्या उशिराने रांग एक तास लांबली आणि एकूण प्रतीक्षा ९० वरून १५५ माणूसतासांवर गेली. एकही डॉक्टर कमी झालेला नाही, एकही पेशंट वाढलेला नाही. 'कर्मचारी वाढवावेत' ही शिफारस प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी असते. पहिला अर्धा तास कुठे जातो हे शोधायला सांगणारी क्वचितच दिसते. तो वॉर्डच्या राउंडमध्ये जात असेल, तर उपाय ओपीडीत सापडणारच नाही. राउंड आधी आणावा लागेल किंवा एक टेबल राउंडमधून मोकळे ठेवावे लागेल.

रिपोर्ट घेऊन परत येणाऱ्यांचेही असेच. समजा १०० नव्या पेशंटांना प्रत्येकी चार मिनिटे लागतात, त्यातले ३० दोन मिनिटांसाठी परत येतात. काम ४०० मिनिटांचे नाही, ४६० चे आहे. केसपेपरांच्या संख्येवरून ८७ टक्के वाटणारा भार प्रत्यक्षात शंभरला टेकतो. हे ३० जण कोणत्याही रजिस्टरात नव्याने चढत नाहीत. ते दारातून डोकावतात, 'रिपोर्टच दाखवायचाय' म्हणतात आणि आत जातात. दारावरचा निरीक्षक सावध नसेल तर प्रबंधातूनही ते निसटतात.

डबेवाल्यांचा उल्लेख केल्याशिवाय मुंबईतला या विषयावरचा प्रबंध पूर्ण होत नाही, म्हणून तेही लिहितो. '१.६ कोटी डब्यांमागे एक चूक, म्हणजेच सिक्स सिग्मा' हे वाक्य किती प्रबंधांत आहे ते आपल्यालाच ठाऊक. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ दोष. रोज दोन लाख डबे, जाणे-येणे मिळून चार लाख फेऱ्या धरल्या, तर सिक्स सिग्मात रोज एखादी चूक बसते, १.६ कोटींत एक म्हणजे चाळीस दिवसांत एक. दोन आकड्यांत पन्नासपटीहून अधिक फरक आहे, आणि आपण ते एकाच वाक्यात छापतो. चूक कशाला म्हणायची? डबा चुकीच्या टेबलावर गेला तर, की वीस मिनिटे उशिरा पोचला तरीही? मोजली कोणी, किती दिवस? १८९० पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेचे कौतुक करायला हा आकडा लागत नाही. झाकणावरची खूण वाचून फलाटावर डबे वेगळे करायला किती सेकंद लागतात, एक डबा किती हातांतून जातो, लोकल रद्द झाली की कोण कोणाचे डबे उचलतो, हे मोजलेले दहा दिवस त्या वाक्याहून मोलाचे ठरतील.

परवानगीचा प्रश्न खरा आहे, आणि विद्यार्थी प्रश्नावलीकडे वळतात त्यामागे आळसापेक्षा हे कारण मोठे आहे. डीनचे पत्र, विभागप्रमुखांची संमती, मग संस्थेची एथिक्स कमिटी, यांत महिने जातात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरचे आरोग्यविषयक संशोधन एथिक्स कमिटीसमोर जाते. आपला विद्यार्थी फक्त वेळ लिहिणार असला तरी अर्ज करावाच. अर्जात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : चिठ्ठीवर ओळख नाही, फोटो नाही, डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांची नावे कुठेही नाहीत, मोजणीमुळे कोणाचा नंबर मागेपुढे होणार नाही. यातली कर्मचाऱ्यांची बाब लोक विसरतात. आपली हजेरी कोणीतरी तपासतोय असे सिस्टरना किंवा क्लार्कना वाटले की सहकार्य तिथेच संपते. हे एकेकट्या विद्यार्थ्यावर सोडू नये. संस्थेने दोन-तीन रुग्णालयांशी, एखाद्या बँकेशी सामंजस्य करार करून ठेवावा; विद्यार्थी येतील जातील, करार राहील. मनुष्यबळही फार लागत नाही : सहा निरीक्षक, दहा दिवस, रोज सहा तास म्हणजे ३६० तास. एमएमएसच्या (व्यवस्थापनातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाच्या मुलांना या कामाचे क्रेडिट दिले तर ते सहज जमते, आणि ऑपरेशन्सचा अर्धा पेपर उभ्याउभ्या शिकून होतो.

'जर्नले असे लेख घेत नाहीत' हे नेहमीचे उत्तर. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. आपल्याच समित्यांनी ती जुन्या सवयीने चालू ठेवू नये. त्याऐवजी प्रबंधासोबत कच्च्या वेळांची फाइल आणि निरीक्षकांच्या वह्या मागाव्यात. व्हायवाला (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला) बाह्य परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारावा : तुम्ही नेमके कुठे उभे होतात? ज्याने मोजले आहे तो या प्रश्नावर अर्धा तास बोलेल. आणि निष्कर्षांचे एक पान, मराठीत, आलेखासह, त्या विभागाला परत द्यावे. प्रश्नावली भरून घेऊन गेलेले विद्यार्थी पुन्हा तोंड दाखवत नाहीत, म्हणून पुढच्याला दार बंद मिळते.

एक गोष्ट वेळापत्रकाची. मे महिन्यात मोजलेली ओपीडी आणि ऑगस्टमधली ओपीडी या दोन वेगळ्या जागा आहेत. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे तापाचे पेशंट पावसाळ्यात वाढतात आणि ज्या दिवशी रुळांवर पाणी साचते त्या दिवशी येणाऱ्यांची रेघ सकाळऐवजी दुपारी चढते. दहा दिवस सलग घेण्यापेक्षा पाच कोरड्या ऋतूत आणि पाच पावसाळ्यात घ्यावेत. त्यासाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज जानेवारीत जायला हवा, आणि अर्ज जानेवारीत जायचा तर सिनॉप्सिस दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत मंजूर व्हायला हवे. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र ठेवावे, ही विनंती.

आपले,
सेवाव्यवस्थापन शिकवणारे आणि रांगा मोजणारे काही जण
मुंबई